तांबेबाईंचा तक्रार विभाग

तांबेबाईंनी आमच्या सत्यनारायणाच्या आमंत्रणावर शिक्का मारला होता.

शिक्का खराखुरा, रबरी, जांभळ्या शाईचा. वर 'प्राप्त' आणि खाली तारीख. आम्हाला शांतीनगरला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि मी मजल्यावर पत्रिका वाटत फिरत होते. समोरच्या घराची बेल वाजवली. साठीच्या, ताठ कण्याच्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एका बाईंनी दार उघडलं, पत्रिका घेतली, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उभ्या उभ्या ती पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचली. मग त्या आत गेल्या. 'ठक्' असा आवाज आला. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तुमची प्रत कुठेय?"

"कसली प्रत?"

"मला पत्रिका मिळाली, याचा तुमच्याकडे पुरावा काय?"

मी गोंधळून आणखी एक पत्रिका पुढे केली. तिच्यावरही ठक्. "ही जपून ठेवा. उद्या मी म्हटलं मला बोलावलंच नाही, तर तुमच्या हातात कागद हवा."

पूजेच्या दिवशी त्या बरोब्बर पाच वाजता आल्या. तेव्हा मी ओल्या केसांनी केळीचे खांब बांधत होते आणि गुरुजी अजून काशीमीऱ्याच्या सिग्नलला होते. दीड तास त्या एकट्याच खुर्चीत बसून राहिल्या. मी चार वेळा माफी मागितली तर म्हणाल्या, "माझी तक्रार नाही. पत्रिकेत पाच लिहिलंय, मी पाचला आले."

तक्रार हा शब्द त्यांच्या तोंडी सतत असायचा, कारण एका वीज कंपनीच्या तक्रार विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. लोकांची पत्रं वाचायची, त्यातून तक्रार नेमकी काय आहे ते शोधायचं, एका ओळीत लिहायचं आणि योग्य टेबलावर पाठवायचं, एवढंच काम. मूळच्या त्या गुहागरकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही. समोर कागद आला की त्या एकच प्रश्न विचारायच्या, "म्हणणं काय?"

हा प्रश्न त्या हिंदीतही विचारायच्या. "आपका म्हणणा क्या है?" भाजीवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांनी आता हा शब्द हिंदीच समजून घेतला होता. भाजीवाला तर त्यांना लांबून बघूनच सुरू करायचा, "मॅडम, अपना म्हणणा ये है के भिंडी आज सुबह का है."

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांची दहशत होती. एकदा आमचे सेक्रेटरी शहाभाई यांनी दुधासोबत केळं खाल्लं की रक्तात विष तयार होतं, असा लांबलचक संदेश पाठवला. पाच मिनिटांत तांबेबाईंचं उत्तर आलं: 'आपला संदेश मिळाला. हे कोणी म्हटलं, कधी म्हटलं आणि कोणाला झालं, ते कळवावे. तोपर्यंत केळं खात आहे.'

शहाभाई जिन्यात हात जोडून म्हणाले, "मॅडम, फॉरवर्ड है, सिर्फ फॉरवर्ड!"

"फॉरवर्ड किया मतलब पढ़ा. पढ़ा मतलब माना. माना, तो पुरावा दो."

त्यानंतर शहाभाईंनी फक्त पाणी कधी येणार तेवढंच कळवायला सुरुवात केली.

मी त्यांना लांबूनच हसत होते. मग मी एम. ए.ला नाव घातलं आणि हसणं थांबलं.

बी. ए. मी दहा वर्षांपूर्वी गाइडवर केलं होतं. एकवीस अपेक्षित प्रश्न, त्यांची उत्तरं पाठ, विषय संपला. नंतर लग्न, मुलगी, नवऱ्याची, दीपकची, काशीमीऱ्याच्या गोदामातली नोकरी, ह्यात वाचन म्हणजे वाणसामानाच्या पुडीचा कागद. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी दूरशिक्षणातून समाजशास्त्राचा अर्ज भरला. दीपकच्या घरी कोणी नाही म्हटलं नाही, उलट सगळे कौतुकाने हसले. लहान मूल आईची साडी नेसतं तेव्हा हसतात ना, तसे. ते मला फार लागलं होतं.

अभ्यासकेंद्रातल्या पहिल्याच वर्गाला आमच्या मॅडमनी एक इंग्रजी लेख दिला. अठ्ठावीस पानं. "वाचा आणि त्याची चिकित्सा लिहा." मी खाली बागेतल्या बाकावर बसून तो वाचायला घेतला. हातात पिवळा हायलायटर. महत्त्वाचं ते रंगवायचं, एवढंच मला माहीत होतं, आणि मला सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. तांबेबाई फेऱ्या मारत होत्या. तिसऱ्या फेरीला थांबल्या.

"यावर वरण सांडलं काय गं?"

मी रडवेली झाले. म्हटलं, "बाई, तीनदा वाचलं. काहीच कळत नाहीये."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतले. इंग्रजी त्यांचं ऑफिसपुरतं होतं. पण त्यांनी पहिलं पान वाचलं, मधली सगळी पानं सोडून शेवटचं वाचलं, परत पहिल्यावर आल्या आणि म्हणाल्या, "ही तक्रार आहे."

"हा लेख आहे, बाई."

"लेख असेल. पण हा माणूस कोणावर तरी चिडलाय. नाहीतर अठ्ठावीस पानं कोण लिहितो? कोणावर चिडलाय ते शोध. मग पुरावा काय दिलाय ते बघ. शेवटी त्याला काय हवंय ते बघ. संध्याकाळी घरी ये."

मी तो लेख चौथ्यांदा वाचला आणि खरंच, सातव्या पानावर तो माणूस सापडला. आधीच्या कुठल्या तरी अभ्यासकाने म्हटलं होतं की गरीब लोक शहरात येतात ते नाइलाजाने, आणि ह्या लेखकाचं म्हणणं होतं की नाही, ते विचार करून, ठरवून येतात. एवढंच! बाकीची पानं त्याच्या साक्षीदारांनी भरली होती. माझे सासरे रत्नागिरीहून भाईंदरला कसे आले ते मला आठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा छापलेल्या कागदाला मला काहीतरी सांगावंसं वाटलं.

त्या संध्याकाळपासून तांबेबाईंच्या जेवणाच्या टेबलावर माझं कॉलेज भरायला लागलं. हायलायटर त्यांनी जप्त केला. "रंगवायला हात लागतो, डोकं लागत नाही." त्याऐवजी पेन्सिल दिली आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी आपल्या भाषेत तीन शब्द लिहायचे, असा नियम केला. तीन शब्द सुचले नाहीत तर परिच्छेद कळलेला नाही, परत वाच. माझ्या कागदांच्या कडा मग 'हे सासऱ्यांसारखंच आहे', 'इथे थाप मारतोय', 'आकडे आणले कुठून' असल्या शेऱ्यांनी भरून गेल्या.

माझं लिखाण मात्र त्यांना बघवत नसे. पहिल्या निबंधाचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं, 'प्राचीन काळापासून मानव हा समाजशील प्राणी आहे.' बाईंनी चष्मा काढला.

"प्राचीन काळापासून कशाला? तक्रार सोमवारी झालीय ना?"

"सुरुवात जरा चांगली वाटावी म्हणून…"

"लोकांचा दिव्याचा खांब बंद असायचा आणि पत्र सुरू व्हायचं स्वातंत्र्याच्या लढ्यापासून. आधी खांब सांग." पुढच्या ओळीत 'अनेक विद्वानांच्या मते' असं होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "किती विद्वान? नावं दे. नावं नसतील तर हे विद्वान तुझ्या घरी चहाला आलेले दिसतात."

हळूहळू मला मजा यायला लागली होती आणि तिथेच मी घसरले. दुसऱ्या सत्राचा निबंध द्यायचा होता, मुलीला गोवर आलेला, वेळ नव्हता. मी एका पुस्तकातले तीन परिच्छेद जसेच्या तसे उतरवले, शब्द इकडेतिकडे केले. मॅडमनी नेमक्या त्याच तीन परिच्छेदांभोवती लाल चौकट काढून बाजूला लिहिलं, 'हे कोणाचं आहे? पुन्हा असं झालं तर नापास करावं लागेल.' वर्गात सगळ्यांसमोर वही परत दिली. मी तशीच घरी आले आणि ठरवलं, बास झालं.

तांबेबाईंना सांगायला गेले ते निरोप घ्यायलाच. त्या भेंडी पुसत होत्या. ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. पुस्तक मागितलं, ते मिटून स्वतःच्या मांडीखाली ठेवलं आणि विळी माझ्यापुढे सरकवली. "चिर."

मी मुकाट्याने भेंडी चिरायला लागले. पाव किलो संपत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता सांग, त्या पुस्तकवाल्याचं म्हणणं काय?"

मी सांगायला लागले. अडखळत, मध्येच 'म्हणजे कसं ना बाई' करत, दीपकच्या आत्याचं उदाहरण देत. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे लिही. पुस्तक उघडं ठेवून लिहिलंस की त्याचंच येणार. आणि त्याचं एखादं वाक्य घ्यावंसंच वाटलं तर अवतरणात घे, नाव टाक. शेजारणीचं पातेलं वापरतो तेव्हा आपलं नाव कोरून घेतो का त्याच्यावर?"

त्या आठवड्यात आमच्या दोन्ही घरी रोज भेंडी होती. दीपकने एकदाच विचारलं, "हा अभ्यास अजून किती दिवस चालणार?"

शेवटच्या वर्षी छोटा संशोधन प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला मिठागरांवर काम केलेल्या बायका. भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या हिराआजींचा पत्ता एका ओळखीतून मिळाला. ऐंशीच्या पुढच्या, आयुष्य मिठात गेलेलं. खाडीकडच्या बाजूला त्यांचं कौलारू घर, आणि मागे नव्या टॉवरचं हिरवं जाळीचं कापड फडफडतंय. सोबत त्यांचा भाऊ रहायचा, पण तो दिवसभर बाहेर. मी प्रश्नांची यादी काढून गेले होते. कामाचे तास किती, पाट्या किती उचलायच्या, मुकादम कसा वागायचा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. आजींनी दोन तास बोलून एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. बकरीचं सांगितलं, बकरी कशी हरवली आणि कशी सापडली. मग मुलीचं लग्न. मग पाय. परत बकरी.

घरी येऊन मी लिहून टाकलं, 'माहितीदार वारंवार विषय सोडून बोलत होत्या.' आणि बाईंना म्हटलं, "दिवस फुकट गेला. म्हणणंच नाही काही."

मला वाटलं, बाई माझ्या म्हणण्यावर ठप्पा मारतील. त्या म्हणाल्या, "ऐकव."

दुपारची वेळ होती. मोबाइल टेबलावर ठेवून आम्ही दोघी ऐकत बसलो. आजींचा आवाज मध्येच वाऱ्याने तुटायचा. लग्नाचा भाग आला तेव्हा बाई पुढे झुकल्या. "मागे घे जरा." मी मागे घेतलं.

आजी सांगत होत्या, "लेकीचं लगीन हाय आन माजे पायान चप्पल जात न्हाय. मिठानी टाचा फाटल्या, बोटं सुजली. नवरीची आय अनवानी कशी उबी रहायची? मी मांडवामागं रायलो. मंगलाष्टका आयकल्या. बघितल्या न्हाय."

बाईंनी तेवढंच तीनदा ऐकलं. मग रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं.

"तू तास विचारलेस," त्या म्हणाल्या. "तिने सांगितलं मिठाने तिचं काय नेलं. तिचं म्हणणं पहिल्या ओळीत नाही, म्हणून म्हणणंच नाही असं लिहिलंस तू."

"पण बाई, तुम्हीच तर शिकवलंत…"

"हो. मीच शिकवलं." नंतर जे सांगितलं ते त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

ऑफिसात त्यांचा लौकिक होता, दिवसाला चाळीस पत्रं वाचून बाजूला. एकदा कुठल्या तरी गावाहून एका बाईचं आठ पानी पत्र आलं. अक्षर वाईट. दिराचं आजारपण, विहिरीचं भांडण, नवरा कसा बोलतो, सगळं. तांबेबाईंनी दोन पानं वाचली, 'म्हणणे स्पष्ट नाही' असं लिहिलं आणि पत्र निकाली काढलं. वर्ष-दीड वर्षाने जुन्या फाइली लावताना तेच पत्र हातात आलं. त्या दिवशी काम कमी होतं म्हणून त्यांनी ते पूर्ण वाचलं. सहाव्या पानावर, असंच जाता जाता लिहिलेलं होतं, 'आमचा कुत्रा मागच्या खांबाजवळ जात नाही. गेला की केकाटतो.'

"कुत्र्याला शॉक बसत होता गं," बाई म्हणाल्या. "खांबात करंट उतरत होता. पायात चप्पल नसलेल्या माणसाला…" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी त्याच दिवशी माणूस पाठवला. घर बंद होतं, माणसं गाव सोडून गेलेली. आणि खांब नवा होता. मध्ये कोणीतरी बदललेला. का बदलला, त्याची नोंद कुठेच नाही."

"मग काय झालं होतं?"

"माहीत नाही. काही झालंही नसेल." त्यांनी समोरचे कप उचलले. "म्हणून मी सगळं वाचते. छापखान्याच्या नावापर्यंत."

दुसऱ्या रविवारी मी परत मुर्ध्याला निघाले तेव्हा बाई चप्पल घालून जिन्यात उभ्या होत्या. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली आणि दोघी मुर्ध्याला उतरलो. ज्या बाईंनी शहाभाईंना केळ्यावरून रडवलं होतं, त्या तिथे ओट्यावर दीड तास एक अक्षर न बोलता बसल्या. बकरी ऐकली. लग्न ऐकलं. मी मध्येच 'म्हणजे नक्की कुठल्या साली, आजी?' असं विचारलं तर बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

निघताना आजींनी बाईंना न्याहाळलं. "तुला कोन हाय गो घरान?"

एरवी असल्या प्रश्नाला बाईंचं ठरलेलं उत्तर होतं, 'हा खासगी प्रश्न झाला.' पण त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "कोन न्हाय, आजी."

"मंग जेवून जा," आजी म्हणाल्या. आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन निघालो.

ते प्रकरण मी नव्याने लिहिलं. मांडवामागून ऐकलेल्या मंगलाष्टकांपासून सुरुवात केली. कामाचे तास, पाट्या, मुकादम सगळं त्याच्या पोटात आलं. अवतरणं आजींच्याच शब्दांत ठेवली, नावासकट, त्यांना विचारून. लिहून झालं, बांधून दिलं, आणि मी मुलीच्या परीक्षेत, घराच्या रंगकामात बुडून गेले.

दोन महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी अर्धा तास प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली, न घाबरता. ज्या मॅडमनी लाल चौकट काढली होती त्या शेवटी म्हणाल्या, "छान झालंय, वर्षा. आणि या हिराआजी, आता कशा आहेत?"

मला सांगता आलं नाही. लिहून झाल्यापासून मी गेलेच नव्हते.

केंद्रातून बाहेर पडले आणि घरी न जाता तशीच मुर्ध्याची बस धरली. पुढच्या दाराशी कोणी नव्हतं म्हणून घराला वळसा घालून मागे गेले. मागच्या पडवीत आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब करून. त्यांचे दोन्ही पाय तांबेबाईंच्या मांडीवर होते. शेजारी वाटीत पातळ केलेलं कोकमतेल. गुहागरकडे टाचांच्या भेगांना लावतात ते. बाई एकेक भेग बोटाने चाचपून तेल भरत होत्या. पदराला डाग पडले होते, अंबाडा सुटून मानेवर आला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम दर गुरवारी येते," मला बघून आजी कौतुकाने म्हणाल्या.

बाई लाल झाल्या. मी परीक्षेचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी तेलकट बोट ओठांवर ठेवलं. आजींचं बोलणं चालू होतं. बकरी हरवली होती, अजून सापडायची होती, आणि लग्न तर बरंच लांब होतं.

मी चप्पल काढली आणि पायरीवर बसले.